समजून घ्या : अमेरिकेचा बेत करणारे विष्णुपंत छत्रे मागे का फिरले?

कुरुंदा (जि. हिंगोली) : जगातल्या कोणत्या थीम पार्कमध्ये वर्षभरात किती माणसं आली, याची यादी अमेरिकेतली थीम्ड एंटरटेनमेंट असोसिएशन काढते. यादीच्या टोकाला वर्षानुवर्षं एकच नाव दिसतं, डिस्ने. करोनाच्या आधी, २०१९ मध्ये, डिस्नेच्या सगळ्या पार्कांत मिळून सुमारे साडेपंधरा कोटी भेटी झाल्या. दुसऱ्या नंबरवरची ब्रिटनची मर्लिन कंपनी पावणेसात कोटींच्या आसपास होती. फ्लोरिडातल्या एकट्या मॅजिक किंगडममध्ये त्या वर्षी दोन कोटींहून जास्त लोक गेले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे तिथलाच आकडा सत्तर लाखांच्या खाली घसरला. मग गर्दी परतली तशी स्पर्धाही परतली. २०२४ मध्ये सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर फेअर या दोन अमेरिकी कंपन्या एक झाल्या. मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलने डिस्नेच्या दारातच, ऑरलँडोमध्ये, एपिक युनिव्हर्स नावाचं नवं पार्क उघडलं.

यातलं महाराष्ट्रातलं मोठं काही म्हणजे खोपोलीचं इमॅजिका. कुरुंद्याहून अंतर साधारण पाचशे किलोमीटर. म्हणजे जाण्यायेण्याचा खर्चच तिकिटाहून जड. आपल्याकडे उलटी रीत आहे. आपण करमणुकीकडे जात नाही, करमणूक ट्रकमध्ये बसून आपल्याकडे येते. हिंगोलीच्या दसरा महोत्सवात रामलीला मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तंबू लागतात. दहा-पंधरा दिवसांत लोखंड खोलून गाडीत भरलं की मैदान पुन्हा रिकामं.

या फिरत्या धंद्याचा आपल्याकडचा पहिला मोठा मालक मराठी होता. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून त्यांचं नाव स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एका ओळीत येतं आणि तिथंच संपतं. पण कंपनी मोठी किती करायची, कुठवर न्यायची आणि बलाढ्य स्पर्धकासमोर उभं राहायचं की नाही, हे प्रश्न आज डिस्ने किंवा युनिव्हर्सलसमोर आहेत, तेच सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्यासमोरही होते.

एक खुलासा आधीच करून टाकू. छत्र्यांच्या गोष्टीत कुरुंदवाड येतं, ते कोल्हापूर जिल्ह्यातलं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं पटवर्धनांचं संस्थान. वसमत तालुक्यातलं आपलं कुरुंदा वेगळं. इंटरनेटवर शोधताना या दोन नावांची सरमिसळ होते, आणि आपल्या गावाला फुकटचा इतिहास चिकटवायचा मोहही होतो. तो टाळलेला बरा.

विष्णुपंत आधी काय करत होते?

त्यांचा जन्म १८४० च्या सुमाराचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचा. कृष्णाकाठचं हे गाव. लहानपणापासून दोन नाद लागले, घोडा आणि गाणं. दोन्ही शिकायला त्या काळी एकच मोठं ठिकाण होतं, ग्वाल्हेर. शिंद्यांच्या दरबारामुळे तिथं घोड्यांच्या पागाही होत्या आणि हद्दू खाँसारखे गवईही. विष्णुपंतांनी तिथं अश्वविद्या आत्मसात केली आणि हद्दू खाँकडे ख्यालगायकीचे धडेही घेतले. घोड्याला चाबकाऐवजी आवाजाने आणि गुडघ्याच्या दाबाने वळवणारा माणूस तंबोऱ्यासमोरही बसू शकतो, हे आज विचित्र वाटेल. त्या काळच्या संस्थानी जगात ते तितकं नवलाचं नव्हतं.

ग्वाल्हेरहून परतल्यावर ते कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेचे प्रमुख झाले. पगारी, मानाची, सुरक्षित नोकरी. अशी नोकरी सोडून तंबूचा धंदा करणं म्हणजे आजच्या भाषेत सरकारी नोकरी सोडून स्टार्टअप काढणं. फरक एवढाच की, तेव्हा कर्ज माफ करणारी यंत्रणा नव्हती आणि घोडा रोज खातो.

चिअरिनीच्या तंबूत काय घडलं?

१८७० च्या दशकाच्या शेवटी ज्युसेप्पे चिअरिनी या इटालियन मालकाची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली. चिअरिनी हा त्या काळातला खरा जागतिक ऑपरेटर. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आशिया असा त्याचा तंबू जहाजाने हिंडत असे. पुढे १८८६ मध्ये तो जपानलाही गेला. मुंबईतल्या खेळाला कुरुंदवाडचे पटवर्धन आणि त्यांच्यासोबत विष्णुपंत गेले.

पुढची कथा अनेकांनी सांगितली आहे. भारतीयांना स्वतःची सर्कस उभी करायला अजून बराच काळ लागेल, अशा अर्थाचं काहीतरी चिअरिनी बोलला, तो शब्द विष्णुपंतांना लागला आणि त्यांनी पैज घेतली, अशी ही कथा. यातला पैजेचा भाग रंगवून सांगितलेला असणार, असं मला वाटतं. कारण पैजेवर एक खेळ होतो, वीस-पंचवीस वर्षं चालणारी कंपनी होत नाही. तंबूत बसलेल्या त्या पागाप्रमुखाला एक गोष्ट नक्की दिसली असेल. रिंगणातलं निम्मं काम घोड्याचं होतं, आणि घोड्याचं काम त्यांना येत होतं.

इथं थोडं मागे जावं लागेल. आधुनिक सर्कस ही मुळात घोडेस्वारांचीच करमणूक. लंडनमध्ये १७६८ मध्ये फिलिप अॅस्टली या माजी घोडदळ सैनिकाने ती सुरू केली. गोल रिंगणात घोडा पळवला तर स्वाराला उभं राहणं सोपं जातं, हे त्याने हेरलं. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला आणि जगभर तोच राहिला. कारण साधं भौतिकशास्त्र आहे. ४२ फुटांचं वर्तुळ म्हणजे त्रिज्या सुमारे ६.४ मीटर. घोडा ताशी २० किलोमीटरच्या दुडक्या चालीने पळाला तर सात-सव्वासात सेकंदांत एक फेरा होतो आणि तोल राखायला घोडा-स्वार दोघांना आत साधारण २५ अंश झुकावं लागतं. रिंगण लहान केलं तर झुकाव वाढून पाय घसरतो. मोठं केलं तर आधार कमी मिळतो आणि प्रेक्षकही लांब जातो. म्हणून सगळीकडे एकच माप, आणि एका रिंगणात तयार झालेला घोडा दुसऱ्या देशातल्या रिंगणातही बिचकत नाही. आजचं रोलर कोस्टर आखताना वळणाचा कल काढतात, तो याच सूत्राने.

ग्रेट इंडियन सर्कस

१८८० च्या सुमारास विष्णुपंतांची ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. संस्थानिकांचा पाठिंबा होता, घोडे होते, आणि मल्लखांब-कुस्ती-आखाड्याच्या परंपरेतली पोरं पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव होती. घोड्यांचे खेळ विष्णुपंत स्वतः करत. त्यांच्या पत्नीही झुल्यावरच्या कसरतीत आणि प्राण्यांच्या शिक्षणात भाग घेत, अशी नोंद आढळते. १८८० च्या दशकातली ब्राह्मण घरातली बाई, हजार अनोळखी डोळ्यांसमोर झुल्यावर. त्या काळी मराठी रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुष करत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे या एका वाक्याचं वजन कळतं. दुर्दैवाने तिच्याबद्दल यापलीकडे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सर्कस उत्तरेत हिंडली, मग दक्षिणेत गेली. हे शक्य झालं ते रेल्वेमुळे. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वेने जोडले गेले, पाठोपाठ १८७१ मध्ये मद्रासही. त्याआधी बैलगाड्यांवर तंबू आणि वाघाचे पिंजरे घेऊन भारतभर फिरणं कल्पनेतच शक्य होतं. तरी रेल्वेही सरळ नव्हती. पुण्याहून मिरजेकडे पुढे जो मार्ग झाला तो मीटरगेज, मुंबईकडचा ब्रॉडगेज. रूळ बदलला की सगळं सामान उतरवा, पुन्हा चढवा. खांब, कापड, घोडे, पिंजरे, माणसं. यात एक-दोन दिवस गेले तर त्या दिवसांची कमाई शून्य.

तंबूचं गणित नेमकं काय असतं?

विष्णुपंतांच्या पुढच्या निर्णयाचं मूळ इथं आहे, म्हणून थोडा हिशेब करू. आकडे फक्त समजण्यापुरते धरलेले आहेत.

समजा तंबूत १,००० जागा आहेत, तिकीट सरासरी आठ आणे, रोज एक खेळ आणि रोजचा खर्च ३०० रुपये. रोज खेळ झाला तर ६०० माणसं आली की खर्च निघतो. आता आठवड्यातले दोन दिवस प्रवासात गेले. घोडा, हत्ती आणि माणसं प्रवासातही खातात, म्हणून आठवड्याचा खर्च २,१०० रुपयेच राहतो, पण तो पाच खेळांत काढायचा असतो. आता रोज ८४० माणसं लागतात. प्रवासात तीन दिवस गेले तर चारच खेळ उरतात आणि प्रत्येक खेळाला १,०५० माणसं लागतात. जागा हजारच आहेत. म्हणजे तंबू खचाखच भरूनही तोटा.

इंजिनीअरिंगला आम्हाला ब्रेक-इव्हन पॉइंट शिकवला तो कुठल्याशा काल्पनिक कारखान्याच्या उदाहरणावर. सर्कशीचं उदाहरण दिलं असतं तर मागच्या बाकावरही कळलं असतं.

थीम पार्क म्हणजे याच गणितावर काढलेला तोडगा. तंबू हलवायचाच नाही, माणसांना हलवायचं. प्रवासाचा खर्च मालकाच्या वहीतून प्रेक्षकाच्या खिशात जातो. अर्थात त्यासाठी आजूबाजूला भरपूर पैसेवाली वस्ती आणि सोपा प्रवास हवा. एकोणिसाव्या शतकातल्या भारतात दोन्ही नव्हतं. म्हणून विष्णुपंतांपुढे फिरण्याशिवाय पर्याय नव्हता.

मग अमेरिकेचं काय झालं?

भारत झाल्यावर ग्रेट इंडियन सर्कस सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेली, तिथून आग्नेय आशियाकडे. बंदराबंदराने जाणाऱ्या तंबूला या टप्प्यात अडचण नव्हती. जहाजाचा प्रवास काही दिवसांचा आणि प्रत्येक बंदरात नवा प्रेक्षक. त्यानंतरचा बेत उत्तर अमेरिकेचा होता.

तिकडे त्या वेळी काय चाललं होतं ते बघा. पी. टी. बार्नमने १८७२ पासूनच सर्कस स्वतःच्या रेल्वेगाडीवर चढवली होती. १८८१ मध्ये त्याने आणि जेम्स बेलीने भागीदारी केली आणि एका तंबूत एकाऐवजी तीन रिंगणं आणली. १८८२ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जम्बो नावाचा हत्ती १० हजार डॉलरना विकत घेतला. त्या एका खरेदीने दोन देशांत वर्तमानपत्रांची पानं भरली आणि मोठ्या वस्तूला जम्बो म्हणायची पद्धत जगाला लागली. १८८३ मध्ये बफेलो बिलने घोडेस्वारांचाच वाइल्ड वेस्ट शो काढला. पाच रिंगलिंग बंधू विस्कॉन्सिनमधून वर येत होते. शेवटी १९०७ मध्ये त्यांनी बार्नम अँड बेली विकत घेतली आणि १९१९ मध्ये दोन्ही एक केल्या. सिक्स फ्लॅग्ज-सीडर फेअरचं विलीनीकरण ज्यांनी बातम्यांत वाचलं असेल, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

एकट्या तंबूंशीच स्पर्धा असती तरी एक वेळ ठीक. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात २६४ फूट उंच फेरिस व्हील उभं राहिलं आणि काही महिन्यांत प्रदर्शनाला पावणेतीन कोटींच्या घरात भेटी झाल्या. हिंगोलीच्या मैदानावरचा आकाशपाळणा याच चाकाच्या कुळातला. त्यानंतर न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८९५ मध्ये सी लायन पार्क, १८९७ मध्ये स्टीपलचेस, १९०३ मध्ये लुना पार्क आणि १९०४ मध्ये ड्रीमलँड अशी कुंपणाच्या आतली, तिकीट लावलेली पार्कं एकमेकांच्या शेजारी उघडली. ड्रीमलँड १९११ मध्ये जळून गेलं. पण एकाच किनाऱ्यावर तीन मालक एकमेकांचे पाळणे मोजत बसलेत, हे चित्र तेव्हाच तयार झालं होतं.

या बाजारात एका रिंगणाची, घोड्यांच्या कौशल्यावर चालणारी सर्कस घेऊन उतरायचं होतं. शिवाय वाटेत महिना-दीड महिना कमाईशिवाय. समुद्रात घोड्यांचे हाल वेगळेच. घोड्याला शरीररचनेमुळे उलटी होत नाही, त्यामुळे पोट बिघडलं तर ते जिवावर बेततं. ज्या जनावरावर सगळा खेळ उभा, तेच सगळ्यात आधी जायची भीती.

मोठ्या, साधनसंपन्न पाश्चात्त्य कंपन्यांसमोर आपला टिकाव लागणार नाही हे विष्णुपंतांनी ओळखलं आणि ते मागे फिरले. काही लेखांत हा पराभव म्हणून येतो. मला तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला धंद्याचा निर्णय वाटतो. वरचं गणित पाहता तिकडे गेलेली सर्कस तिकडेच लिलावात निघाली असती आणि चाळीस-पन्नास घरांचे कर्ते पुरुष परदेशी बंदरात अडकले असते. आपल्याकडचं ताजं उदाहरण आठवा. २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका जागतिक दर्जाचंच होतं, पण हजार कोटींच्या आसपासच्या कर्जाखाली दबलं आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या हाती गेलं. पाळणे चांगले होते. प्रेक्षकांचा अंदाज आणि व्याज यांचा मेळ बसला नाही.

मागे फिरण्याआधी पेरलेलं बी

दक्षिणेच्या दौऱ्यात, १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, विष्णुपंत मलबारात तलश्शेरीला गेले. तिथं कीलेरी कुंजिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते, कळरीपयट्टूचे जाणकार. दोघांत समजूत झाली: कुंजिकण्णन यांनी कसरतपटू घडवायचे, विष्णुपंतांनी त्यांना सर्कशीत घ्यायचं.

१९०१ मध्ये कुंजिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा इथं सर्कस शिकवणारी शाळाच काढली. १९०४ मध्ये त्यांचा शिष्य परियाली कण्णन याने केरळची पहिली सर्कस उभी केली, ग्रँड मलबार सर्कस. नंतर रांगच लागली. १९५१ मध्ये आलेली जेमिनीसुद्धा याच परंपरेतली. महाराष्ट्रात मात्र तशी शाळा निघाली नाही. इथं कला घरात राहिली, बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे. घर फुटलं की सर्कस फुटायची. तिकडे शाळा होती, त्यामुळे एक मालक बुडाला तरी कलाकार दुसऱ्याकडे जायचे. स्वातंत्र्यानंतर भारतातल्या मोठ्या सर्कशी मल्याळी मालकांच्या का झाल्या, याचं उत्तर मला तरी इथं दिसतं. विष्णुपंतांना माणसं हवी होती म्हणून त्यांनी तो धागा जोडला. त्याच धाग्याने धंदा त्यांच्या मुलखातून बाहेर ओढून नेला.

स्पर्धा घरच्या अंगणातही होतीच. सांगली-मिरज पट्ट्यात छत्र्यांचं बघून म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची ग्रँड सर्कस निघाली, पुण्याकडे शेलारांची रॉयल. प्रेक्षक तोच, गावं तीच, यात्राही त्याच. छत्र्यांनी तयार केलेला माणूस उद्या शेजारच्या तंबूत दुप्पट पगारावर दिसणार, हे ठरलेलं.

सर्कशीतला गवई

हद्दू खाँचा मुलगा रहिमत खाँ हा अलौकिक गळ्याचा, पण मनाने आणि व्यसनाने खचलेला गवई. वडील गेल्यावर त्याची पार दशा झाली होती. विष्णुपंतांना तो बनारसला अशाच अवस्थेत सापडला, असं सांगतात. गुरूच्या मुलाला ते सोबत घेऊन आले. सर्कस जाईल तिथं रहिमत खाँ जाई, नेपाळपर्यंत. त्याच्या गाण्याचे तिकीट लावून जलसे होऊ लागले. दरबारात मूठभर लोक ऐकत ते गाणं सामान्य माणसाने पैसे देऊन ऐकायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती, आणि ती सर्कसवाल्यालाच सुचणार. तंबूचा मालक तिकीट आणि खुर्ची या दोनच गोष्टींचा विचार करतो.

यात धंदा किती आणि गुरुऋण किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण एक गोष्ट हिशेबाच्या वहीत बसत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंत गेले. सर्कस घरातल्या काशिनाथपंत छत्र्यांकडे आली आणि पुढे कार्लेकरांच्या सर्कशीत विलीन झाली. रहिमत खाँला मात्र छत्र्यांच्या घराने सोडलं नाही. त्याचा शेवटचा काळ कुरुंदवाडलाच गेला आणि १९२२ मध्ये तिथंच त्याचं निधन झालं. त्याच्या उतारवयात घेतलेल्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. अब्दुल करीम खाँच्या गाण्यावर त्याची छाप होती, असं जाणकार मानतात. किराणा घराण्याचा सूर ऐकताना एका घोडेवाल्याचे आभार मानायला हरकत नाही.

पुढे काय झालं?

कंपनी जिथं गेली नाही तिथं माणूस गेला. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे शेलारांच्या सर्कशीत वाढले, वाघ-बिबट्यांचे शिक्षक झाले आणि युरोपमार्गे १९४० मध्ये रिंगलिंग ब्रदर्समध्ये पोहोचले. ज्या कंपनीच्या आकाराने विष्णुपंत थबकले, तिच्याच वारसदाराने एका मराठी माणसाला मधलं रिंगण दिलं. मालक म्हणून नव्हे, पगारी कलाकार म्हणून.

१९५५ मध्ये वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं; दोन महिन्यांच्या आत दहा लाख माणसं येऊन गेली. आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि २०११ मध्ये लहान मुलांना सर्कशीत कामाला लावण्यावरही न्यायालयाने बंदी आणली. दोन्ही निर्णय योग्यच होते, पण तंबूचं उरलंसुरलं गणित त्यानंतर कोलमडलं. २०१७ मध्ये अमेरिकेतली रिंगलिंगही बंद पडली. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, कसरतपटू घेऊन, एकाही जनावराशिवाय. घोडासुद्धा नाही.